मातीखालचे डोळे

अक्का, तुझ्या शेडची किल्ली अजून माझ्या पर्समध्येच आहे. तुझ्या मुलानं, मुरलीनं, ती मागितली नाही आणि मीही दिली नाही. तू गेल्याला अजून महिनाही झालेला नाही. एन्नोरची बस दिसली की माझे पाय आपोआप तिच्याकडे वळतात. कालही तशीच चढले. तिकीट काढल्यावर लक्षात आलं, की तिथं आता "उशीर कसाला गे?" म्हणून विचारणारं कुणी नाही. तरी उतरले नाही. शेडमध्ये जाऊन पंखा लावला, तुझ्या स्टुलावर बसले आणि तुझ्याशी कडकडून भांडावंसं वाटलं. समोर तू नाहीस, म्हणून लिहितेय. जे झालं ते तुला माहीत आहेच, तूच ते केलंयस. पण मला काय झालं ते तुला ऐकावं लागेल.

मी पहिल्यांदा तुझ्याकडे आले तेव्हा काचेसाठी आलेच नव्हते. ह्यांची रेल्वेतली बदली चेन्नईला झाली आणि मी सांगलीतून उचलून इथं आणून ठेवल्यासारखी झाले होते. तमिळचा एक शब्द येईना. भाजीवाल्याशी बोटं दाखवून बोलायचं आणि घरी येऊन भांड्यांवर राग काढायचा. कुणीतरी म्हणालं, शहराच्या टोकाला, एन्नोरला, एक तंजावरकडची मराठी बाई आहे, काचेवर चित्रं काढते. मला चित्रांचं काही नव्हतं, मला कानाला मराठी हवी होती. आणि तू बोललीस तर त्यातलं निम्मं मला कळेना! शब्द माझ्या पणजीच्या काळातले, चाल तमिळ, मधेच "सरि" म्हणजे बरं, मधेच "पोदुम" म्हणजे पुरे. मी "अहो सरोजाबाई" म्हटलं, तर म्हणालीस, "अहो कुणाला गे? मी अक्का. तू म्हण मज. आता बस, हात कोरडे हायत का बघ."

मला नव्यानं भेटणारा माणूस आधी माझ्या डाव्या पापणीकडे बघतो. लहानपणी ताप डोक्यात गेला होता, तेव्हापासून ती अर्धी खालीच असते. माणसं बघतात, मग बघितलं नाही असं दाखवतात, आणि ते दाखवणं जास्त टोचतं. माझे सगळे फोटो उजव्या बाजूनं काढलेले आहेत, लग्नातलेसुद्धा. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. तुझी नजर खालून ट्यूबलाइट लावलेल्या त्या काचेच्या टेबलावर होती आणि ती तिथंच राहिली. मला इतकं मोकळं वाटलं, की दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्यानंतर येतच राहिले.

तू मला काम शिकवलंस ते असंच, मान वर न करता. काचेची भुकटी आणि लोखंडाचा काळा रंग डिंकाच्या पाण्यात घोटायचा. आधी बारीक रेघा, मग सगळ्या काचेवर पातळ थर, मग वाळलेला थर बांबूच्या काडीनं खरवडून उजेड काढायचा. गालाचा उजेड, नाकाच्या शेंड्याचा उजेड. भाजण्याआधी तो सगळा चेहरा म्हणजे नुसती धूळ. ओलं बोट फिरलं तर आठवड्याचं काम गेलं. भट्टीत गेला की मात्र रंग काचेत शिरतो, मग घासूनही निघत नाही. आणि एन्नोरची राख! वीजकेंद्राच्या धुराड्यांकडून वारा फिरला की तू ओरडायचीस, "झाक गे, झाक!" आणि आपण दोघी पदरानं काचा झाकत उभ्या राहायचो. एकदा राखेचा कण एका म्हाताऱ्याच्या गालावर बसला आणि तसाच भाजला गेला. घरच्यांना आपण तीळ आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, हो, होता की!

म्हाताऱ्यांचीच कामं यायची आपल्याकडे. गेलेल्या माणसांचे चेहरे. देवघराशेजारच्या खिडकीत बसवायला, जिन्यात लावायला. शहरातल्या नुंगंबाक्कमच्या एका घरात कुणीतरी आईचा चेहरा बसवून घेतला आणि मग एकानं दुसऱ्याला सांगितलं. फोटो आणून द्यायचे, तू एकदा बघायचीस आणि उलटा ठेवायचीस. मी म्हणायचे, "बघून काढ ना." तू म्हणायचीस, "फोटोत माणूस कुठं हाय? फोटोवाल्याला घाबरून बसलाय तो."

आणि डोळे शेवटी. हा तुझा नियम. सगळा चेहरा व्हायचा, केस, पदर, चष्म्याची दांडी, आणि डोळ्यांच्या जागी कोरी काच. तसले चेहरे तू कधी दाराकडे तोंड करून ठेवू दिले नाहीस. मांडणीवर भिंतीकडे वळवून, वर धुतलेलं फडकं टाकायचं. मी एकदा विसरले. चहा आणायला गेले आणि परत आले, तर दारासमोर तीन आंधळ्या बायका उभ्या, मागून ऊन येतंय, आणि त्या ऊन डोळ्यांच्या भोकांतून जमिनीवर पाडतायत. मी कप तिथंच खाली ठेवला. तू आतून म्हणालीस, "डोळं नसलं की सगळ्या बायका एका आईच्या. ओळखू येत नायत. म्हणून झाकायचं." तेव्हा मी हसले होते.

तुझ्या त्या "माती"चं मला सगळ्यात जास्त नवल वाटायचं. काचेच्या मागच्या बाजूला लावायचा तो लेप. चांदीचं मीठ आणि पिवळी माती, दिसायला निव्वळ चिखल. भाजून निघाला तरी चिखलच. मग ओल्या फडक्यानं पुसायचं आणि खाली काच मधासारखी पिवळी झालेली असायची. जाड लावलं आणि आच जास्त झाली, की मध जळून तांबूस काळा. पुस्तकात तो दोष म्हणून दिलाय हे मी तुला वाचून दाखवलं होतं. तू म्हणालीस, "आपल्या माणसांचे डोळे याच रंगाचे हायत, त्या पुस्तकवाल्याला काय कळतंय?" म्हणून तू डोळे मातीतच काढायचीस. पुसेपर्यंत कुणाला पत्ता लागत नसे, की आत काय आहे. आणि पुसण्याआधी भट्टीतून आलेल्या त्या चेहऱ्याला तू विचारायचीस, "आलात का?" जसं कुणी दारात पाहुण्याला विचारावं. मग फडकं. मग डोळे.

अक्का, मी कधी बोलले नाही, पण त्या क्षणी मला दर वेळी भीती वाटायची. ते मास्तर आठवतात? त्यांचा चेहरा भाजताना आच वाढली आणि काच जरा मऊ झाली असणार. ओठांची रेघ हलली. तोंड असं काही झालं, की हा माणूस रडू आवरतोय. मी म्हटलं, पुन्हा करू. तू म्हणालीस, राहू दे. त्यांची मुलगी आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "शेवटच्या दिवशी अप्पा असेच दिसत होते." आपण दोघींनी तिच्याकडे बघितलं नाही. शेवटच्या दिवसाचा फोटो कुणी दिलाच नव्हता आपल्याला.

तुझं माझं खरं भांडण झालं ते त्या बँकेतल्या साहेबांवरून. निवृत्त होत होते, तब्येतीनं ठणठणीत, त्यांना स्वतःचाच चेहरा हवा होता दिवाणखान्याच्या दारात. मी खूश. हसरं काम, पहिल्यांदाच. तू सरळ नाही म्हणालीस.

"जिवंत माणसाचा चेहरा भाजायचा नाही."

"का?"

"भाजला की थांबतो तो."

"अक्का, काच आहे ती. पत्रिका नाही."

"चेहऱ्याला बदलायला येत पाहिजे गे. उद्या म्हातारं व्हायचंय त्यास, रडायचंय. काचेत गेला तर कसं करील?"

मी तुला खूप बोलले. अंधश्रद्धा, हट्ट, काय काय. तू काडीनं कुणाच्या तरी भुवईतला उजेड काढत होतीस. मी शेवटी चिडून म्हटलं, "आणि मी गेल्यावर? माझा कोण काढणार? तू तर माझ्याआधी जाणार!" काडी थांबली तुझी. मला वाटलं, आता तरी वर बघशील. तू काडीवरची धूळ फुंकलीस आणि म्हणालीस, "बघू गे." एवढंच. ते भांडण तिथंच राहिलं. परत तो विषय ना तू काढलास ना मी.

आता तुला सांगते ते, जे मी तुझ्यासमोर कधीच म्हणाले नसते. ज्या गोष्टीसाठी मी तुझ्याकडे टिकले, तीच पुढं मला खुपायला लागली. तू माझ्याकडे बघायची नाहीस. इतकी वर्षं एका टेबलाला बसलो, एका डब्यातलं जेवलो, ह्यांचं आजारपण तुला सांगून मी रडले, आणि तुझी नजर काचेवर. लोकांच्या मेलेल्या आयांचे डोळे तुला पाठ, आणि मी समोर बसलेय तर मला बघायला तुला फुरसत नाही. मनात यायचं, उद्या ही रस्त्यात भेटली तर आवाजावरून ओळखेल मला, तोंडावरून नाही.

मग तू गेलीस. दुपारी कॉफी घेतलीस, चटईवर आडवी झालीस, आणि झालं. मी दुसऱ्या दिवशी येणार होते. येताना तुझ्यासाठी चिंच आणणार होते.

दहाव्याला मुरली मला बाजूला घेऊन गेला. ओरगडमच्या त्या ट्रकच्या कारखान्यातून रजा काढून आलेला, डोळे सुजलेले. तुझ्यासारखंच बोलतो तो, फक्त तमिळ जास्त. म्हणाला, "वृंदाक्का, शेड खाली करायची हाय, मालक मागतोय. एक काच हाय आत, अम्मानं कुणालाच हात लावू दिला नाय. 'आता एकच चेहरा राहिलाय' म्हणत होती. तिचाच असेल. तुम्ही भाजा. मजकडं तिचा एक बी चांगला फोटो नाय."

मांडणीवर सगळ्यात मागं होती ती. भिंतीकडे तोंड, वर तुझं जुनं सुती पातळ. टेबलावर ठेवून दिवा लावला. बाईचा चेहरा. केस मागं बांधलेले, गळ्याशी पदर, कपाळावर लहान टिकली. गालांचा उजेड इतका हलका काढलेला, की श्वास जोरात घेतला तर उडेल असं वाटलं. डोळ्यांच्या जागी काही नाही. मागून डोळ्यांवर माती, दोन्हीकडे सारखी लिंपलेली. मला वाटलं तूच. कोण दुसरं असणार? हनुवटी जरा वेगळी वाटली, पण स्वतःची हनुवटी कुणाला धड माहीत असते? डोळे नसले की सगळ्या एका आईच्या, हे तूच सांगितलं होतंस आणि मी तेच विसरले.

मी फार घाबरले होते, अक्का. तुझ्याशिवाय भट्टी मी कधी लावली नव्हती. आच चुकली तर तुझा चेहरा जाणार, आणि न भाजावा तर शेड हलवताना कुणाचं तरी मनगट घासलं तरी जाणार. दोन्हीकडून तू जाणारच होतीस. फडक्यानं धरली तर रंग निघेल म्हणून दोन्ही हातांनी काच उचलली तेव्हा माझे हात असे कापत होते, की मी मोठ्यानं म्हटलं, "धर गं जरा." आणि हात थांबले. ते कसे थांबले मला माहीत नाही.

सकाळी भट्टी लावली. दुपारभर बाहेर ऊन आणि आत ती भट्टी, शेडचा पत्रा तापून वाजत होता. छोट्या भोकातून आत बघितलं तर सगळं केशरी आणि त्यात चेहऱ्याची काळी कड. मग बंद केली आणि थंड होईपर्यंत वाट. थंड होताना ती विटांमधून टकटक करते. तू म्हणायचीस, आतलं माणूस वळतंय कुशीवर. मी एकटी बसले होते आणि ती टकटक एकदा अशी आली, की मी दाराकडे वळून "कोण आहे?" म्हटलं. दारात फक्त तुझ्या चपला होत्या. मुरलीनं अजून उचलल्या नव्हत्या.

तुझी पद्धत मी मोडली नाही. दुसऱ्या सकाळी जाऊन भट्टीच्या दारावर तळहात ठेवला आणि बोलत राहिले. तू भाजीचे भाव बोलायचीस, हात न काढता बोलणं पुरं झालं तरच दार उघडायचीस. मी तुला मुरलीच्या सुजलेल्या डोळ्यांचं सांगितलं. बोलणं पुरं झालं, हात भाजला नाही. उघडलं.

काच तडकली नव्हती. चेहरा होता, काळा, स्वच्छ, पक्का. डोळ्यांवर चिखल. खिडकीपासून जरा अलीकडे उभी केली, काचेच्या मागच्या बाजूला गेले, फडकं ओलं केलं आणि पुसण्याआधी विचारलं. "आलीस का, अक्का?"

आणि पुसलं.

आधी उजवा डोळा आला. मोठा, तांबूस काळा, सरळ बघणारा. मी हसलेसुद्धा. म्हटलं, म्हातारीनं शेवटी मान वर केली. मग दुसऱ्या डोळ्यावरचं पुसलं. तो अर्धाच उघडला. मी पुन्हा पुसलं, मला वाटलं माती राहिलीय. घासलं. तो अर्धाच राहिला. पापणी खाली आलेली, आणि तिच्याखालून थोडासा, पण पुरता जागा असलेला डोळा.

मी काचेच्या मागं उभी होते, म्हणून तो मला माझ्या आरशातल्यासारखा दिसला, जिथं रोज दिसतो त्याच बाजूला. फडकं हातातून गळलं. मग पुढं आले, तर पापणी दुसऱ्या बाजूला. तशी मी स्वतःला कधी बघितलेली नाही. लोक बघतात ती मी. तू बघत होतीस ती मी.

मी तिथं जमिनीवर बसले. ऊन सरकून काचेतून आलं आणि माझ्या मांडीवर माझेच डोळे पडले, मधाच्या रंगाचे, एक पूर्ण, एक अर्धा. मी पाय बाजूला घेतला तर ते फरशीवर गेले. माझी हलायची हिंमत होईना.

म्हणजे तुला माहीत होतं. तू आधी जाणार हे माहीत होतं, आणि माझा चेहरा कुणी काढणार नाही हेही. स्वतःचा काढायचा सोडून तू माझा काढलास. आणि नियम? तो मोडायला तुझं मन झालं नाही म्हणून डोळे मातीत मिटवून ठेवलेस. भाजलं नाही तोवर मी मोकळी. पण भाजणार कोण होतं, अक्का? शेडमध्ये दुसरं कोण येतं? माझ्या हातानं मला भट्टीत घालून घेतलंस तू. त्या दिवसापासून रोज सकाळी मी आरशात बघते, चेहरा हलतोय का म्हणून. भुवया वर करून बघते, तोंड वेडंवाकडं करते. हे म्हणतात, काय लावलंयस? मी काय सांगू? हलतोय अजून. पण त्या काचेतली मी माझ्यापेक्षा निवांत दिसते, आणि मला तिची भीती वाटते, आणि तिच्याकडे बघितल्याशिवाय राहवतही नाही.

कारण ती पापणी. तू ती दुरुस्त केली नाहीस. लपवली नाहीस, उजवीकडून काढली नाहीस. तिची खालची घडीसुद्धा आहे, जी मला स्वतःला डोळा ओढून बघितल्यावर दिसली. एवढं सगळं तू कधी बघितलंस? मी डबा उघडत असताना? मी रडत असताना? मान खाली घालून कुणाला एवढं दिसतं? मी मेली तुझ्यावर रुसत राहिले, आणि तू सगळा वेळ मलाच बघत होतीस. हे मला तू असताना कळलं असतं तर मी तुझ्या गळ्यात पडले असते, आणि तू "पोदुम, पोदुम, रंग सांडेल" म्हणाली असतीस.

मुरलीला मी सांगितलं, ती काच तुझी नव्हती. तो म्हणाला, "मग अम्माचा तुम्ही काढा, वृंदाक्का." मालकाकडून त्यानं थोडी मुदत मागून घेतलीय. सरकारी कार्डावरचा एक फोटो दिलाय त्यानं, त्यातही तू खालीच बघतेयस. फोटोवाला ओरडला असेल तरी तू वर बघितलं नसणार.

त्यासाठीच शेडमध्ये येतेय मी, कालही आले होते. तुझा चेहरा झालाय, अक्का. रेघा जमल्या, गाल जमले, कानामागची ती केसांची बट जमली. भिंतीकडे वळवून वर तुझंच पातळ टाकलंय. आता माती घोटून बसलेय आणि ब्रश पुढं जात नाही, कारण तुझे डोळे मला माहीत नाहीत. इतकी वर्षं समोर बसून मी तुझा भांगच बघितला. तू बघत नाहीस म्हणून रुसून मीही कधी वाकून बघितलं नाही. मांडणीवरून ती दुसरी बघतेय, एक डोळा पूर्ण, एक अर्धा. तिनं तुला समोरून बघितलंय, तू तिचे डोळे काढलेस तेव्हा. तिला माहीत आहे आणि ती सांगत नाही.

म्हणून आज भांडत नाही. विनवतेय. पंखा बंद केलाय, फडकं ओलं करून ठेवलंय, दार उघडं आहे. अक्का, एकदाच मान वर कर गं.